रोव्हर आठवडाभर एकाच दगडापाशी उभा असेल तर पोट्ट्यांनी काय पाहावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या शाळेतले आठवी-नववीचे काही पोट्टे मंगळावरच्या रोव्हरचा, म्हणजे तिथं फिरणाऱ्या यंत्रगाडीचा, प्रवास पाहतात. सुरुवातीला भलता उत्साह होता, आता ओसरत चालला. फोटो बहुतेक काळे-पांढरे, रोव्हर कधी आठवडाभर एकाच दगडापाशी उभा, आणि नकाशावरची ती वाकडीतिकडी रेघ पाहून काही उमगत नाही. यातून मुलांना खरंच काही शिकता येतं का आणि शाळेनं दुर्बीण घ्यावी का, हेही तुम्ही विचारलंत.

मी मृद-सर्वेक्षणात नोकरी केली. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत खड्डे खणायचे, थर मोजायचे, नमुने पिशवीत भरायचे, यातच उमेदीची वर्षं गेली. रोव्हरांचा नाद २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी उतरले तेव्हापासूनचा. आता निवृत्त आहे, मेहकरकडच्या खेड्यांतल्या मुलांना घेऊन हेच करत बसतो. उत्तर मातीकडे झुकेल, चालवून घ्या.

तुमची मुलं गाडी पाहताहेत. गाडीत पाहण्यासारखं फार थोडं असतं आणि ते महिनाभरात पाहून संपतं. पाहायची ती जमीन. वावरात वाढलेल्या मुलाला जमीन पाहता येते. कुठं पाणी साचतं, कुठं बरड लागते, कुठं पाय रुततो हे त्याला सांगावं लागत नाही. हीच नजर मंगळावर वळवायची आहे.

पण आधी हा कारभार चालतो कसा ते मुलांना सांगा, नाहीतर ती रोज नवीन फोटोची वाट पाहून कंटाळणारच. मंगळ कुठं आहे त्यानुसार तिकडे संदेश पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. त्यामुळे इथं बसून गाडी हाकणं शक्यच नाही. शेतमालक तालुक्याला जाताना सालदाराला दिवसभराचं काम सांगून जातो आणि संध्याकाळी येऊन काय झालं ते विचारतो, तसा हा व्यवहार आहे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतून दिवसाच्या कामाची यादी जाते. रोव्हर ती पार पाडतो. मग मंगळाभोवती फिरणारं एखादं यान डोक्यावरून जाताना त्याच्याकडे फोटो आणि मोजमापं सोपवतो, आणि ते यान सगळं पृथ्वीकडे पाठवतं.

आता यातली मेख. मंगळाचा दिवस, ज्याला सोल म्हणतात, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. म्हणजे पासाडेनाचं घड्याळ आणि रोव्हरचं घड्याळ रोज पाऊणएक तासानं फाकत जातं आणि साधारण पाच आठवड्यांनी पुन्हा जुळतं. जुळलेलं असतं तेव्हा संध्याकाळचे फोटो पाहून दुसऱ्या दिवसाची आखणी करता येते. फाकलेलं असतं तेव्हा दोन सोलांचं काम एकदमच सांगून टाकतात, आणि गाडी एकदा हलली की नव्या जागेचे फोटो पाहिल्याशिवाय तिथल्या दगडाला हात लावायला सांगत नाहीत. शुक्रवारी शनिवार-रविवार धरून आखणी होते. अमेरिकेत सणाची सुट्टी असली की आणखी लांब. शिवाय साधारण २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा दोनेक आठवडे आज्ञा पाठवणंच बंद असतं. २०२३ च्या नोव्हेंबरात आणि २०२६ च्या जानेवारीत तसं झालं. रोव्हर बिघडला अशी बोंब तेव्हा व्हॉट्सअॅपवर हमखास उठते.

मुलांना ‘आत्ता, या घडीला’ असं काही हवंच असेल तर नासाच्या डीप स्पेस नेटवर्कचं पान दाखवा. गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या मोठमोठ्या तबकड्या या क्षणी कोणत्या यानाशी बोलताहेत ते त्यावर दिसतं. एमएसएल असं लिहिलं असेल तर तो क्युरिऑसिटी रोव्हर, एम२० म्हणजे दुसरा रोव्हर पर्सिव्हरन्स. माझ्याकडची मुलं फोटोपेक्षा या पानावर जास्त वेळ रेंगाळतात.

दोन्ही रोव्हर एकदम धरू नका. पर्सिव्हरन्स नवा आहे, त्याचे फोटो देखणे असतात. तो उतरला तेव्हा आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२१ ची पहाट व्हायची होती, रात्रीचे अडीच वाजायला आले होते आणि सकाळी शिवजयंती होती, म्हणून तारीख लक्षात राहते. पण शाळेसाठी मी क्युरिऑसिटीच सांगेन. ६ ऑगस्ट २०१२ ला तो गेल नावाच्या १५४ किलोमीटर रुंद विवरात उतरला आणि विवराच्या मधोमध उभा असलेला सुमारे ५ किलोमीटर उंच शार्प पर्वत २०१४ पासून चढतोय. खालचे थर जुने, वरचे नवे. म्हणजे चढत जाणं हेच मंगळाचा इतिहास वाचणं. आमच्या खात्यात खड्ड्यात उतरून थर वरून खाली वाचायचे. तो खालून वर वाचतोय, एवढाच फरक.

काळ्या-पांढऱ्या फोटोंबद्दल. क्युरिऑसिटीच्या वाट शोधणाऱ्या कॅमेऱ्याला नॅव्हकॅम म्हणतात आणि तो रंग टिपतच नाही, कारण त्याचं काम खाचखळगे ओळखायचं आहे. रंगीत फोटो मास्टकॅम या दुसऱ्या कॅमेऱ्याचे. मी काळ्या-पांढऱ्यांच्याच बाजूचा आहे. फाइल हलकी असते, रेंज जेमतेम असली तरी उतरते, आणि झेरॉक्सच्या दुकानात छान छापून मिळते. त्यातही खरी गंमत अशी की नॅव्हकॅम जोडीनं फोटो काढतो. डाव्या डोळ्याच्या फोटोच्या नावाची सुरुवात एन-एल अशी, उजव्याची एन-आर अशी. दोन्ही शेजारी-शेजारी छापा, मधे पुठ्ठा उभा धरा, एका डोळ्यानं एक आणि दुसऱ्यानं दुसरा पाहायला लावा. थोडा वेळ डोळे भिरभिरतील आणि मग एकदम दरी दरीसारखी खोल दिसायला लागेल. या कॅमेऱ्यांच्या दोन डोळ्यांत ४२ सेंटीमीटर अंतर आहे, आपल्या डोळ्यांत साडेसहाच्या आसपास. म्हणून खोली खऱ्यापेक्षा जास्त वाटते, हेही सांगून ठेवा, नाहीतर मुलं प्रत्येक ढेकळाला टेकडी म्हणतील.

काही फोटो अंगठ्याएवढे लहान असतात, काहींत काळे चौकोन दिसतात. लहान असतो तो नमुन्यादाखल आधी आलेला, मोठा मागाहून येतो. काळा चौकोन म्हणजे तेवढा तुकडा अजून पोचलेला नाही. आणि आकाश कधी पिवळट, कधी निळसर का, याचं उत्तर बहुतेक वेळा छपाईत आहे. पृथ्वीवरच्या उजेडात दगड जसा दिसला असता तसे रंग जुळवून घेतात, म्हणजे भूशास्त्रज्ञाला दगड ओळखता येतो. त्यात आकाश आपोआप निळं पडतं. सूर्यास्त मात्र तिथं खरोखरच निळा असतो. बारीक धुळीमुळे सूर्याभोवती निळी आभा धरते.

आता नकाशा. ती रेघ समजत नाही, कारण ती एकदम पूर्ण समोर येते. पहिली दोन वर्षंच घ्या आणि आलेख कागदावर मुलांच्या हातानं काढून घ्या. नासाच्या नकाशावर प्रत्येक थांब्याला सोलचा आकडा असतो, त्या सोलचे फोटो शोधायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: इथं वळला का?

पहिलंच वळण चक्रावणारं आहे. जायचं पर्वताकडे, आणि हा उतरल्यावर निघाला भलत्याच बाजूला, पूर्वेकडे सुमारे अर्धा किलोमीटर. कारण वरून काढलेल्या फोटोंत तिथं तीन वेगवेगळ्या प्रकारची जमीन एकत्र येताना दिसत होती. कोणताही सर्वेक्षक हेच करतो. एकसारख्या वावराच्या मधोमध खड्डा घेण्यापेक्षा जिथं माती बदलते त्या धुऱ्यापाशी घेतला तर जास्त कळतं. तिथल्या एका खोलगट भागाला यलोनाइफ बे नाव दिलं. तिथं २०१३ मध्ये पहिल्यांदा मंगळाच्या दगडाला छिद्र पाडलं, आणि निघाला तळ्याच्या गाळाचा खडक.

मग त्याच वर्षाच्या अखेरीस चाकांना भोकं पडलेली दिसली. चाकं अॅल्युमिनियमची, दोन पट्ट्यांमधला पत्रा पाऊण मिलिमीटर जाड. मंगळाची ओढ कमी, म्हणून गाडी तिथं हलकी भरत असली तरी जमिनीत घट्ट रुतलेले, वाऱ्यानं धार आलेले दगड पत्र्यात घुसत होते. सुटा दगड चाकाखाली सरकतो, रुतलेला सरकत नाही. मग वाट बदलली. वाळूच्या, मऊ जमिनीच्या खोलगट भागांतून जायचं ठरलं. २०१४ च्या फेब्रुवारीत मीटरभर उंचीचा वाळूचा ढीग ओलांडला, त्या जागेचं नाव डिंगो गॅप. ऑगस्टमध्ये हिडन व्हॅली नावाच्या वाळूच्या पट्ट्यात चाकं इतकी घसरायला लागली की माघार घ्यावी लागली. वाळूची धास्ती उगाच नव्हती. स्पिरिट २००९ मध्ये अशाच भुसभुशीत जमिनीत रुतला तो निघालाच नाही. दगड टाळावा तर वाळू, वाळू टाळावी तर दगड. पावसाळ्यात ट्रॅक्टर वावरात घालावा की नाही याचा विचार ज्यांच्या घरी होतो, त्या मुलांना हे दोन वाक्यांत कळतं.

घसरण मोजायचा एक खेळ आहे. क्युरिऑसिटीच्या चाकांत मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत जे-पी-एल अशी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची आद्याक्षरं त्यांतून प्रत्येक फेऱ्याला एकदा मातीत उमटतात. चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर, म्हणजे परीघ दीड मीटरच्या थोडा वर. मागच्या चाकोरीचा स्पष्ट फोटो शोधा, खुणा मोजा, दीडनं गुणा. मग तेवढंच अंतर नकाशावर पाहा. खुणांवरून निघालेलं अंतर नकाशापेक्षा जास्त भरलं तर चाक जागच्या जागी फिरलं, म्हणजे घसरलं. रोव्हरसुद्धा स्वतःच्या फोटोंवरून याच तऱ्हेनं आपली घसरण ताडतो. पर्सिव्हरन्सची चाकं जाड पत्र्याची केली आहेत, त्यांत ही अक्षरं नाहीत.

गाडी उभी असते त्या आठवड्याकडे येऊ. उभी म्हणजे रिकामी नसते. हात पुढे करून ब्रशनं धूळ झाडणं, भिंगाच्या कॅमेऱ्यानं जवळून पाहणं, छिद्र पाडणं, निघालेली पूड पोटातल्या उपकरणांत टाकून तपासणं, यात दिवस जातात, आणि वीज तुटपुंजी. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारा त्याचा वीजस्रोत सुरुवातीला ११० वॅटच्या आसपास देत होता, दर वर्षी थोडा कमी देतो. घरातल्या दोन जुन्या गोल बल्बांच्या विजेत एवढा पसारा. अशा आठवड्यात मुलांच्या हाताला काम द्या. माझा आवडता प्रयोग सांगतो.

यलोनाइफ बेच्या त्या खडकात सुमारे पाचवा हिस्सा चिकणमातीची खनिजं निघाली, आणि ती स्मेक्टाइट या कुळातली. आपल्या कापसाच्या काळ्या मातीतली चिकणमातीही मुख्यतः याच कुळातली. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती हीच. आता २०२१ मध्ये क्युरिऑसिटी पर्वतावर बराच वर गेल्यावर त्याला दगडात गोठलेल्या भेगांचं जाळं दिसलं, काही सेंटीमीटरच्या षट्कोनांचं. २०२३ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात भेगा एकमेकींना मिळतात कशा यावर सगळा भर आहे. गाळ एकदाच सुकला तर आधी एक लांब भेग पडते आणि दुसरी तिला काटकोनात येऊन थडकते. तोच गाळ ओला-सुका, ओला-सुका होत राहिला तर तीन भेगा सारख्या कोनांत एका बिंदूला मिळायला लागतात आणि षट्कोन तयार होतो. मंगळावरचे षट्कोन होते, म्हणजे तिथं पाणी येत-जात होतं, एकदाच येऊन आटलेलं नव्हतं.

हे शाळेच्या अंगणात करता येतं. काळी माती बारीक चाळून तिचा पातळ चिखल करा, दोन घमेल्यांत बोटभर थर द्या. दोन्ही उन्हात सुकू द्या. एक तसंच ठेवा. दुसऱ्यावर झारीनं हलकं पाणी शिंपडा, भेगा मिटल्या की पुन्हा सुकवा, आणि हे करत राहा. प्रत्येक वेळी वरून फोटो काढायचा आणि भेगांचे जोड मोजायचे: किती काटकोनाचे, किती तीन फाट्यांचे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे ऊन काय कमी आहे! मग गावाजवळच्या आटलेल्या शेततळ्याच्या गाळात जाऊन तेच जोड शोधा. त्यानंतर मंगळावरचा फोटो समोर ठेवा. त्या पोट्ट्यांना तुम्ही काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

जमलं तर वर्षातून एकदा लोणारला आणा. मंगळाचं कवच बरंचसं बेसाल्टचं, आणि लोणारचं विवरही आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्येच उल्का आदळून झालेलं. असं विवर जगात फार दुर्मीळ, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे तिथं येतात. लोक तळं पाहतात आणि गुलाबी पाण्याची गोष्ट सांगतात. मुलांना आधी काठावर फिरवा. काठाजवळचे लाव्ह्याचे थर बाहेरच्या बाजूला उचललेले दिसतील, आणि बाहेर पसरलेला फेकला गेलेला मालही. मग सांगा, हे विवर पावणेदोन किलोमीटरच्या थोडं वर रुंद आहे, आणि गेल १५४. तिथला एकही खडा खिशात घालू देऊ नका, ते अभयारण्य आहे.

खोट्या गोष्टींवर एक तास जरूर द्या. २०२२ च्या मे महिन्यात क्युरिऑसिटीच्या एका फोटोत ‘दरवाजा’ दिसल्याचं गावोगावच्या ग्रुपवर फिरलं. ती खडकातली फट होती, जेमतेम ३० सेंटीमीटर उंच आणि ४० सेंटीमीटर रुंद. त्यातून मांजर गेलं असतं. फोटोत मोजपट्टी नसते, त्यामुळे आकार ओळखणं हीच खरी कसोटी, आणि वर सांगितलेली जोडफोटोंची युक्ती इथं उपयोगी पडते. मंगळावरून थेट व्हिडिओ असं लिहिलेलं काहीही आलं तर ते बहुतेक स्थिर फोटोवरून कॅमेरा फिरवून वर वाऱ्याचा आवाज चिकटवलेला असतो. क्युरिऑसिटीला तर माइकच नाही, पर्सिव्हरन्सला आहे. आणि जीवसृष्टी सापडली म्हणून जी बातमी येते तिचं मूळ बघा. पर्सिव्हरन्सला २०२४ च्या जुलैमध्ये चेयावा फॉल्स नावाच्या दगडावर बिबट्याच्या अंगासारखे ठिपके दिसले. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या शोधनिबंधात त्यांना जीवसृष्टीची संभाव्य खूण म्हटलं आहे. संभाव्य हा शब्द शास्त्रज्ञांनी तोलून वापरलाय, बातमीवाल्यांनी तो गाळला.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. दोन्ही रोव्हरांच्या चमूतले शास्त्रज्ञ चार-दोन परिच्छेदांची टिपणं लिहितात. त्यांत तेच तीस-चाळीस शब्द फिरून फिरून येतात. मोबाईलवरचं भाषांतर बरंच काम भागवतं, फक्त दगडांच्या नावांचंही भाषांतर करून टाकतं आणि हसू येतं.

यातून काही घडतं का, असं कोणी पालक विचारतीलच. पर्सिव्हरन्सच्या पॅराशूटवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांत एक गुप्त मजकूर विणला होता. उतरण्याचा व्हिडिओ जाहीर झाल्यावर काही तासांतच जगभरातल्या हौशी लोकांनी तो उलगडला. शून्य-एकच्या लिपीत लिहिलेलं इंग्रजी वाक्य निघालं, बाहेरच्या कड्यात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे अक्षांश-रेखांश. त्यांच्यापुढे होता तोच व्हिडिओ तुमच्या मुलांपुढेही होता.

दुर्बिणीचं म्हणाल तर या कामासाठी घेऊ नका. कोणत्याही दुर्बिणीतून रोव्हर दिसत नाही, आणि मंगळसुद्धा २६ महिन्यांतून थोडेच आठवडे धड दिसतो. पुढची संधी २०२७ च्या फेब्रुवारीत, सिंह राशीत. १९ तारखेच्या आगेमागे तो रात्रभर आकाशात असेल. तरी त्या खेपेला तो १० कोटी किलोमीटरवर राहील, म्हणजे बिंब लहानच. तेव्हा यवतमाळला किंवा अमरावतीला ज्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण आहे अशांना शाळेत एक रात्र बोलवा, ध्रुवावरची पांढरी टोपी दिसली तर दिसली. शाळेचे पैसे झेरॉक्सला, आलेख कागदाला आणि लोणारच्या एस.टी.ला ठेवा. आणि घमेली लोखंडीच घ्या, प्लॅस्टिकची उन्हात वाकडी होतात आणि भेगा भलतीकडेच जातात.